कापसाचें सरकारी साह्य : जमिनीच्या धन्यास कीं कसणारास?

सन २०२३ च्या खरिपांतील कापूस व सोयाबीन यांचे भाव उतरल्यामुळें महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालीं या दोन पिकांच्या उत्पादकांस दर हेक्टरीं ५,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेपर्यंत, साह्य देण्याचें ठरविलें. व त्या वर्षाच्या सप्टेंबरअखेर ही रक्कम खात्यांत जमा होऊं लागली. हेक्टरीं पांच हजार हे पुरेसे कीं अपुरे, याविषयीं चावडीवर व बाजारांत पुष्कळ बोललें गेलें. पण ते कोणाच्या खात्यांत पडावे, हा त्याहून अवघड प्रश्न मागेंच राहिला. रक्कम सातबाऱ्याच्या खातेदारास मिळाली. जो खातेदार तोच कसणारा, तेथें कांहीं वाद नाहीं. परंतु वऱ्हाड-नागपुरांत किंवा खानदेशांत ठोक्यानें, मक्त्यानें अथवा बटईनें लाविलेलें शेत ज्या गांवीं मुळींच नाहीं, असें गांव शोधूं गेल्यास सांपडणें कठीण. त्या शेतांत बियाणें, खत, औषध व मजुरी यांचा खर्च एकाचा, भाव पडल्यानें आलेली तूटहि त्याचीच, आणि ती तूट भरून काढण्यासाठीं आलेली रक्कम मात्र दुसऱ्याच्या नांवावर, असें घडतें.

हा प्रश्न अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत नव्वद वर्षांपूर्वीं उभा राहिला व त्यावरून तेथें मोठें वादळ झालें. कापूस पिकविणारास सरकारी तिजोरींतून रोख रक्कम देण्याची पद्धत तेथें जितकी जुनी व जितकी विस्तृत आहे, तितकी क्वचितच दुसऱ्या देशांत असेल. शिवाय ती रक्कम वांटण्याचें काम तेथें कौंटीच्या पातळीवर होतें. कौंटी म्हणजे एका संस्थानाचा कारभारासाठीं पाडलेला भाग. आपल्या जिल्ह्याहून बहुधा लहान. म्हणून एखाददुसऱ्या कौंटींत काय झालें हें पाहिलें म्हणजे कायद्यांतील शब्द शेताच्या बांधावर आल्यावर त्यांचें काय होतें, तें स्पष्ट दिसतें. आपल्या मंडळाचे बहुतेक सभासद स्वतः जमिनीचे धनी असल्यामुळें ही हकीकत आपणांस थोडी टोंचणारी वाटेल. तरीहि ती पाहणें इष्ट आहे.

अमेरिकेंत १९२९ सालीं रुईचा भाव पौंडास सुमारें १७ सेंट होता. १९३१ च्या हंगामांत तो सहा सेंटांच्याहि खालीं गेला. ता. १२ मे १९३३ रोजीं अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनीं शेतीच्या उत्पादनास आळा घालून भाव चढविण्याच्या कायद्यावर सही केली. परंतु तोंवर कपाशीची पेरणी होऊन गेली होती. तेव्हां उभें पीक नांगरून टाकण्याबद्दल पैसे द्यावे असें ठरलें. अंदाजी उत्पन्न पाहून एकरीं ७ पासून २० डॉलरांपर्यंत दर ठेवला होता, व त्याचा खर्च गिरण्यांवर रुईच्या पौंडामागें ४.२ सेंट कर बसवून भागविण्यांत आला. पहिला चेक ता. २८ जुलै १९३३ रोजीं खुद्द रूझवेल्ट यांनीं टेक्सासमधील न्यूएसेस कौंटीच्या एका शेतकऱ्याच्या हातीं दिला. ४७ एकर कपाशी मोडल्याबद्दल ५१७ डॉलर, म्हणजे एकरीं ११ डॉलर पडले. त्या उन्हाळ्यांत सुमारें एक कोटि एकर कपाशी मोडली गेली. कपाशीच्या ओळी तुडवूं नयेत असें वळण लागलेलीं खेंचरें आतां ओळींवरून चालण्यास तयार होईनात, अशी गोष्ट तेथें अजून सांगतात. तिच्यांत तिखटमीठ किती हें सांगवत नाहीं. परंतु ज्यानें औत हांकलें आहे त्यास ती खोटी वाटणार नाहीं.

न्यूएसेसचा हा शेतकरी स्वतः करारदार होता, म्हणून त्याचा चेक त्याच्या हातीं आला. मिसिसिपी नदीच्या कांठच्या काळ्या जमिनींत तसें नव्हतें. तेथें मोठाले मळे असत आणि ते बटईदार कुटुंबांकडून कसविले जात. मालक जमीन, खेंचर, अवजार व बियाणें देई. कुटुंब श्रम घाली. पीक अर्धें अर्धें. वर्षभराचें धान्य, कापड व तेल मालकाच्याच दुकानांतून उधार येई आणि हंगामाच्या शेवटीं तें कुटुंबाच्या अर्ध्यांतून वळतें होई. लिहिणें व बेरीज दोन्ही मालकाकडे. आपल्याकडे सावकारी पाशांत अडकलेल्या कुळाची जी स्थिति होती, तीच ही. १९३३ ची रक्कम मालकाच्या नांवें निघाली व त्यानें बटईदाराचा वांटा पुढें द्यावा अशी अपेक्षा होती. पुष्कळ मळ्यांवर तो वांटा जुन्या देण्यांतच वळता झाला.

पुढील दोन वर्षांसाठीं, म्हणजे १९३४ व १९३५ साठीं, नवा करार निघाला. त्यांत शेतकऱ्यानें आपल्या नेहमींच्या पेऱ्यांतील सुमारें चाळीस टक्के जमीन पडीक ठेवावी आणि सरकारनें त्याबद्दल दोन प्रकारें पैसे द्यावे असें होतें. पहिला प्रकार भाड्याचा : पडीक जमिनींत जी रुई झाली असती तिच्या दर पौंडास साडेतीन सेंट. दुसरा भावाची तूट भरण्याचा : नेहमींच्या उत्पन्नाच्या चाळीस टक्क्यांवर पौंडास एक सेंट. भाडें सगळें मालकाचें, कारण जमीन त्याची. तूट-भरपाई मात्र पीक ज्या प्रमाणांत वांटलें जाई त्या प्रमाणांत. म्हणजे साडेचार सेंटांपैकीं मालकास चार व अर्ध्या बटईच्या कुटुंबास अर्धा सेंट. जे बटईदार स्वतःच्या अवजारांनीं व स्वतःच्या देखरेखीनें शेती करीत, त्यांस भाड्याचाहि अर्धा वांटा द्यावा असें कलम होतें. परंतु अमुक बटईदार त्या वर्गांतला कीं नाहीं, हें व्यवहारांत मालकाच्या शब्दावरच बहुधा ठरे.

याचा हिशेब मांडून पाहूं. दर करारांतले आहेत. शेत व उत्पन्न हीं सोयीसाठीं घेतलीं आहेत. एक कुटुंब वीस एकर कपाशी करतें व एकरीं २०० पौंड रुई होते असें धरा. पूर्वीं ४,००० पौंड रुई निघे. कुटुंबाचे २,००० पौंड, सहा सेंटांनीं १२० डॉलर. करारानंतर आठ एकर पडीक राहिली. बारा एकरांत २,४०० पौंड झाली. १९३४ सालीं भाव सुमारें बारा सेंटांपर्यंत चढला होता, तेव्हां कुटुंबाच्या १,२०० पौंडांचे १४४ डॉलर झाले. पडीक आठ एकरांच्या १,६०० पौंडांवर भाडें ५६ डॉलर, तें मालकास. भरपाई १६ डॉलर, त्यांतील आठ मालकास व आठ कुटुंबास. एकूण कुटुंबाचे १५२ व मालकाचे २०८ डॉलर.

येथपर्यंत पाहिलें तर बटईदाराचेंहि वाईट झालें नाहीं. १२० चे १५२ झाले, हें प्रामाणिकपणें कबूल केलें पाहिजे; भाव चढला याचा लाभ त्यालाहि मिळाला. खरी गोम पुढें आहे. मालकानें त्या कुटुंबास काढून टाकलें व तीच बारा एकर रोजमजुरीनें करून घेतली, तर २,४०० पौंडांचे २८८ डॉलर, भाडें ५६ व भरपाई १६, असे मिळून ३६० डॉलर एकट्या त्याचे. त्यांतून मजुरी वजा जावयाची. आणि त्या काळीं दक्षिणेंत मजुरी किती स्वस्त होती हें निराळें सांगावयास नको. वीस एकरांना जेवढीं माणसें लागत तेवढीं बारा एकरांना लागत नाहींतच. म्हणजे ज्या योजनेनें भाव चढविला, तिनेंच बटईदार ठेवणें मालकास तोट्याचें करून टाकलें. कोणी दुष्ट बुद्धीनें असा करार लिहिला असें नाहीं. जमीन व पैसा एकत्र बांधला कीं माणूस आपोआप सुटा होतो.

करार लिहिणारांच्या हें ध्यानांत आलें नव्हतें असेंहि नाहीं. सातव्या कलमांत मालकानें शक्य असेल तोंवर बटईदारांची नेहमींची संख्या कायम ठेवावी, त्यांस घरांत राहूं द्यावें, पडीक जमिनींतील कांहीं भाग खाण्याच्या पिकांसाठीं द्यावा, असें लिहिलें होतें. 'शक्य असेल तोंवर' या शब्दांनीं कलमाचा कणाच मोडला. शक्य आहे कीं नाहीं हें ठरविणारा मालक, आणि त्याविरुद्ध तक्रार ऐकणारी कौंटीची समिति बहुधा त्याच्यासारख्या मळेवाल्यांची.

आर्कान्सॉ संस्थानांतील पॉइन्सेट कौंटींत हें प्रकरण फुटलें. टायरॉन्झा गांवाजवळच्या एका मळ्यावरून बटईदार कुटुंबें काढण्यांत आलीं. जुलै १९३४ मध्यें तेथील एका शाळेंत अकरा गोरे व सात काळे बटईदार जमले आणि त्यांनीं दक्षिणेच्या कुळांचा संघ स्थापन केला. त्यांस साह्य करणाऱ्या दोघांत एक कपडे धुण्याचें दुकान चालवी व दुसऱ्याचा पेट्रोलचा पंप होता. त्या काळीं त्या प्रांतांत गोऱ्या व काळ्या माणसांनीं एका संघांत बसणें हीच मोठी धाडसाची गोष्ट होती. संघाच्या सभा उधळल्या गेल्या, माणसांना मार बसला. संघाची मागणी साधी होती. सातवें कलम पाळा, आणि आमचा चेक आमच्या हातीं द्या.

वॉशिंग्टन येथें शेतीखात्यांतील कांहीं तरुण वकिलांनीं सातव्या कलमाचा अर्थ बटईदाराच्या बाजूनें लावला. करार सुरू असतां मालकानें फक्त तितक्याच संख्येचे नव्हे, तर तेच बटईदार ठेवले पाहिजेत, असें त्यांचें म्हणणें. फेब्रुवारी १९३५ मध्यें योजनेचे प्रमुख चेस्टर डेव्हिस यांनीं हा अर्थ फेटाळला व जेरोम फ्रँक आदि वकिलांस नोकरींतून दूर केलें. शेतीमंत्री हेन्री वॉलेस यांनीं त्यास संमति दिली. दक्षिणेंतील मळेवाल्या प्रतिनिधींच्या मतांवाचून कोणताच कायदा मंजूर होणें शक्य नव्हतें, हें त्याचें कारण उघड आहे.

पुढें ता. ६ जानेवारी १९३६ रोजीं तेथील वरिष्ठ कोर्टानें गिरण्यांवरील कर व उत्पादन-नियंत्रण हीं घटनेबाहेरचीं ठरविलीं व मूळ योजनाच कोसळली. तिच्या जागीं जमिनीचा कस राखण्याच्या नांवाखालीं दुसरी आली, आणि १९३८ च्या कायद्यानें पीक ज्या प्रमाणांत वांटलें जातें त्याच प्रमाणांत रक्कम वांटावी व बटईदाराचा वांटा सरळ त्यालाच द्यावा, अशी दुरुस्ती झाली. कागदावर बटईदार जिंकला. परंतु वांटा द्यावा लागतो म्हटल्यावर बटईदारच न ठेवण्याकडे मालकांची प्रवृत्ति वाढली, आणि हातीं आलेल्या सरकारी रोख रकमेंतून ट्रॅक्टर घेणें सोपें झालें. दक्षिणेंतील अशा बटईदारांची संख्या १९३० च्या खानेसुमारींत सुमारें ७ लक्ष ७६ हजार होती. १९४० मध्यें ती ५ लक्ष ४१ हजारांवर आली. ही सगळी घट साह्याच्या पैशानें झाली असें म्हणणें अन्यायाचें होईल. मंदी होती, यंत्रें येत होतीं, लोक शहराकडे जात होते. पण साह्यानें त्या गतीस धक्का दिला हें नाकारतां येत नाहीं.

रक्कम जमिनीला बांधली कीं मोठ्या जमिनीस मोठी रक्कम जाते, हा दुसरा परिणाम. मिसिसिपी संस्थानांतील सनफ्लॉवर कौंटींत सेनेटर जेम्स ईस्टलंड यांचा हजारों एकरांचा कापसाचा मळा होता. हे गृहस्थ सरकारी खर्चाविषयीं काटकसरीचे पुरस्कर्ते. तरी त्यांच्या मळ्यास १९६७ च्या सुमारास वर्षाकांठीं एक लाखाहून अधिक डॉलरांचें साह्य मिळे. त्याच कौंटींत एका मळ्यावर अठरा वर्षें राबलेल्या फॅनी लू हेमर या स्त्रीस, मतदारांच्या यादींत नांव घालण्यास गेल्याबद्दल, १९६२ सालीं मळ्यावरून काढण्यांत आलें. त्यांनीं पुढें १९६९ सालीं चाळीस एकरांपासून एक सहकारी शेती उभी केली. पिकाच्या साह्याच्या रकमेस अमेरिकेच्या कायदेमंडळानें १९७० सालीं मर्यादा घातली. ती एका पिकाबद्दल एका व्यक्तीस ५५,००० डॉलर अशी होती. आणि मग एका मळ्याचे कागदोपत्रीं अनेक धनी होऊं लागले. सीलिंगच्या कायद्यानंतर आपल्याकडे जावई, भाचे व लहान मुलें यांच्या नांवें ज्या जमिनी झाल्या, त्यावरून वाचकांस याची कल्पना सहज येईल.

आजची तेथील व्यवस्था बरीच गुंतागुंतीची आहे. मुख्य सांगाडा तेवढा देतों. २०१८ पासून सरकीसह कापसासाठीं एक आधार-भाव ठरलेला आहे. तो पौंडास ३६.७ सेंट होता. २०२५ च्या कायद्यानें त्याच वर्षाच्या पिकापासून तो ४२ सेंट झाला. बाजाराचा सरासरी भाव त्याखालीं गेला कीं फरकाची रक्कम मिळते. पण ती यंदा पेरलेल्या कपाशीवर नव्हे. जुन्या वर्षांच्या पेऱ्यावरून प्रत्येक शेताच्या नांवें एक आधार-क्षेत्र व एक आधार-उत्पन्न नोंदलेलें असतें. त्या क्षेत्राच्या ८५ टक्क्यांवर हिशेब होतो. समजा, आधार-क्षेत्र एक हजार एकर, उत्पन्न एकरीं १,५०० पौंड, आधार-भाव जुना ३६.७ व बाजारभाव ३३ सेंट. तर ८५० एकरांचे, पौंडास ३.७ सेंटांप्रमाणें, ४७,१७५ डॉलर झाले. त्या वर्षीं शेतांत कपाशीऐवजीं दुसरें पीक असलें तरी चालतें. म्हणजे साह्याचें नांव कापसाचें, पण खरोखर तें जमिनीच्या जुन्या नोंदीस मिळतें.

शेत रोख खंडानें दिलें असेल तर कायद्याप्रमाणें ही रक्कम कसणाराची. बटईनें असेल तर वांट्याप्रमाणें दोघांची. नुकसानीचा धोका ज्याच्या शिरावर, रक्कम त्याची, हें तत्त्व १९३४ च्या मानानें पुष्कळच न्याय्य म्हटलें पाहिजे. तथापि, साह्य मिळणार हें ठाऊक असलेला मालक पुढल्या वर्षीं खंड चढवून मागतो, आणि त्यांतला कांहीं भाग फिरून त्याच्याकडेच जातो. कसणाराच्या नांवें चेक लिहिल्यानें सगळें साधतें असें नाहीं, हेंहि यावरून कळून येईल.

कौंटीची समिति अजून आहे. तिचे तीन ते अकरा सभासद तेथील शेतकरीच निवडतात व त्यांची मुदत तीन वर्षांची असते. शेतकऱ्यांच्या हातीं शेतकऱ्यांचा कारभार, ही कल्पना ऐकावयास फार गोड आहे. परंतु दक्षिणेंतील या समित्यांवर काळ्या शेतकऱ्यांस जवळ जवळ स्थानच नाहीं, असें तेथील नागरी हक्क आयोगास १९६५ सालीं आढळून आलें. आणि कर्जें व साह्य देण्यांत झालेल्या पक्षपाताबद्दल त्या शेतकऱ्यांनीं लावलेला दावा १९९९ सालीं तडजोडीनें मिटवून सरकारला भरपाई द्यावी लागली. आपल्या सोसायट्यांचे व बाजार समित्यांचे कारभारी कोण असतात, याकडे पाहिलें तर यांत परकें असें फारसें दिसत नाहीं.

अमेरिकेच्या या साह्याचा आपल्या कापसाच्या भावाशींहि संबंध आहे. तो देश आपल्या रुईचा बहुतेक भाग बाहेर विकतो. साह्यानें तेथील पेरा टिकून राहतो व जगाचा भाव दबतो, अशी फिर्याद ब्राझीलनें २००२ सालीं जागतिक व्यापार संघटनेकडे केली. निकाल ब्राझीलच्या बाजूनें लागला आणि २०१४ मध्यें अमेरिकेनें ३० कोटि डॉलर देऊन तें प्रकरण मिटविलें. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

आतां आपल्याकडे वळूं. महाराष्ट्रांत १९७२ पासून कांहीं दशकें चाललेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेचे दोष पुष्कळ होते. चुकारे रखडत, ग्रेडिंगवरून भांडणें होत. पण तिच्यांत पैसा कांट्यावर चढलेल्या कापसास मिळे, जमिनीच्या कागदास नव्हे. पंतप्रधान किसान सन्मान निधीचे वर्षास ६,००० रुपये २०१९ पासून जमिनीची मालकी असलेल्या कुटुंबासच मिळतात. हमी भावानें कापूस घालावयाचा तरी सातबारा व त्यावरील कपाशीच्या पेऱ्याची नोंद लागते, व २०२५ पासून त्यासाठीं मोबाइलवर नांवनोंदणीहि आली. ठोक्यानें करणारानें एकतर मालकाच्या नांवें कापूस घालावा व मालकानें पैसे देईपर्यंत वाट पाहावी, नाहींतर खेडा-खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्यास कमी भावानें द्यावा.

मालकांच्या बाजूनेंहि एक गोष्ट खरी आहे. कूळकायद्याची धास्ती, विदर्भांत १९५८ च्या कायद्याची, अजून मनांतून गेलेली नाहीं. म्हणून ठोका तोंडीच ठरतो व ई-पीक पाहणीवर कसणाराचें नांव येऊं दिलें जात नाहीं. जमीन जाण्याचें भय न घालतां कसणाराची नोंद कशी करावी, हा कायदा करणारांचा प्रश्न आहे व तो त्यांनीं सोडविला पाहिजे. पण तोंपर्यंत थांबण्याचें कारण नाहीं. ठोक्याची रक्कम ठरवितांना या हंगामाबद्दल सरकारकडून पुढें कांहीं साह्य, भावांतराची रक्कम किंवा नुकसानभरपाई आली तर ती कोणी किती घ्यावी, एवढें चार माणसांसमक्ष बोलून ठेवावें व साध्या कागदावर लिहावें. बटई असेल तर पिकाच्या वांट्याप्रमाणें. रोख ठोका असेल तर ज्याचा खर्च बुडतो त्याची. यानें जमिनीच्या हक्कास कांहीं बाध येत नाहीं, कारण कागद रकमेविषयीं आहे, जमिनीविषयीं नाहीं.

हें बोलणें ठोका ठरतांनाच झालें पाहिजे, मागाहून नव्हे. २०२३ च्या खरिपाचें साह्य खात्यांत येऊं लागलें तेव्हां २०२४ चा भाद्रपद सरत आला होता. मागील वर्षाचा ठोका केव्हांच संपला होता, कित्येक शेतांत ठोकेकरी बदलले होते, आणि ज्यांचा २०२३ चा कापूस पडत्या भावानें गेला होता ते त्या वेळीं दुसऱ्याच कोणाच्या वावरांत पुढच्या कपाशीवर औषध मारीत होते.